के-सिक्स: गरब्याच्या पासांची झुंबड आधीच उभी करून बघायची तर

बडोद्यात नवरात्राचे पास ऑनलाइन विकणाऱ्या साइटचा कस विक्री उघडल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत लागतो. ती झुंबड आधी उभी करून बघायला ग्राफानाचं के-सिक्स हे लोड टेस्टिंगचं (साइटवर खोटी गर्दी सोडून बघायचं) ओपन सोर्स टूल चांगलं आहे. आतलं इंजिन गो भाषेतलं, स्क्रिप्ट मात्र जावास्क्रिप्टमध्ये. जेमीटर या जुन्या लोड टेस्टिंग टूलच्या लांबलचक एक्सएमएल फाइलींना वैतागलेल्यांना हायसं वाटेल.

पण बहुतेक जण ज्या सेटिंगवर थांबतात, तीच फसवी. ‘५०० व्हीयू (व्हर्च्युअल यूजर, म्हणजे नकली ग्राहक), १० मिनिटं’ दिलं की प्रत्येक व्हीयू उत्तर येईपर्यंत पुढची रिक्वेस्ट पाठवतच नाही. सर्व्हर दमला की भारही आपसूक उतरतो, आणि रिपोर्ट झकास दिसतो. पासासाठी टपून बसलेली माणसं इतकी गुणी नसतात. जुने अडकले तरी नवे येतच राहतात. म्हणून रॅम्पिंग अरायव्हल रेट हा एक्झिक्युटर (भार कसा टाकायचा ते ठरवणारा प्रकार) घ्या. त्यात सेकंदाला किती ग्राहक येणार हे तुम्ही ठरवता, सर्व्हर नाही.

हिशेब असा: सेकंदाला ५० ग्राहक, प्रत्येकाला पास घ्यायला २० सेकंद, म्हणजे एका वेळी १००० व्हीयू. सर्व्हर रखडला की याच्या दुप्पट-तिप्पट. मॅक्स व्हीयू कमी ठेवलेत तर ड्रॉप्ड इटरेशन्सचा (व्हीयू मोकळा नसल्याने सुरूच न झालेल्या फेऱ्यांचा) आकडा चढतो. तो चढला की ठरवलेला भार पडलाच नाही असं समजा. एका व्हीयूला साधारण १ ते ५ एमबी मेमरी लागते, तेव्हा जुन्या लॅपटॉपचा नाद सोडा. लिनक्सवर युलिमिटही (एका प्रोसेसला एका वेळी किती फाइली आणि कनेक्शन उघडता येतात ती मर्यादा) वाढवून घ्या. ती मर्यादा बहुधा १०२४ असते आणि कनेक्शन तिथेच अडतात.

सगळ्या व्हीयूंना एकच मोबाइल नंबर आणि एकच तारीख दिलीत, तर उत्तरं कॅशेतून (आधीच साठवलेल्या प्रतीतून) येतील आणि डेटाबेस निवांत बसेल. हजारभर वेगळे नंबर शेअर्ड ॲरेत (सगळ्या व्हीयूंनी मिळून वापरायच्या यादीत) भरा, आणि निम्म्याहून जास्त गर्दी शनिवारच्या पासावर सोडा. खरी मारामारी डेटाबेसमधल्या त्याच एका नोंदीवर होते. दोन पानांमध्ये ३ ते १२ सेकंदांचा स्लीप (थांबा) ठेवा, तोही रँडम. सगळे ठोक ५ सेकंद थांबले तर रिक्वेस्ट लाटेसारख्या येतात.

चित्रं आणि सीएसएस के-सिक्स आपणहून उतरवत नाही, बॅचमध्ये (अनेक रिक्वेस्ट एकदम पाठवून) स्वतः मागवावी लागतात. पेमेंट गेटवेच्या जागी डमी बसवा, पण उत्तराला २ ते ४ सेकंद लावणारा. झटपट ‘ओके’ म्हणणाऱ्या डमीमुळे डेटाबेसची कनेक्शन अडकून राहतात हे दिसतच नाही.

एकाच मशीनवरून मारा केला तर सगळी गर्दी एकाच आयपीवरून येते. रेट लिमिटर (एका आयपीवरून येणाऱ्या रिक्वेस्टवर मर्यादा घालणारा पहारेकरी) ४२९, म्हणजे ‘फार रिक्वेस्ट झाल्या’ हा एरर, फेकू लागतो आणि दोष ॲपच्या माथी जातो. तेवढ्यापुरता तो आयपी मोकळा सोडा, किंवा भार तीन-चार मशीनवर वाटा.

रिपोर्टबद्दल एक तक्रार आहेच: शेवटच्या सारांशात पी-९५ (९५ टक्के रिक्वेस्ट जेवढ्या वेळात आटपतात तो आकडा) दिसतो, पी-९९ मात्र समरी ट्रेंड स्टॅट्स या सेटिंगमध्ये मागावा लागतो. आणि पैसे कापले गेले पण पास आला नाही म्हणून फोन करणारे नेमके त्या शेवटच्या एक टक्क्यातले असतात.