उजवीकडे चिरा, डावीकडे दुर्बीण: दोन्ही हर्नियांचा माझा अनुभव

उजव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन मी ६७व्या वर्षी चिरा देऊन करून घेतलं, डावीकडचं ७५व्या वर्षी दुर्बिणीतून. दुसऱ्याला आता नऊ महिने झाले.

पहिल्या वेळी फक्त जागा बधिर केली होती. सुया टोचल्या तेवढंच दुखलं, मग नुसतं ओढल्यासारखं वाटत राहिलं. मधेच सर्जन म्हणाले, "काका, जोरात खोका बरं." कमजोर जागेला आधार म्हणून बसवलेली जाळी नीट बसली का, ते त्यांना माझ्या खोकल्यावरून बघायचं होतं. पूर्ण भुलीत पेशंटला असं खोकायला सांगता येत नाही. तीन तासांनी मी आपल्या पायांनी लघवीला गेलो आणि संध्याकाळी घरी आलो.

पुढचे पंधरा दिवस मात्र जड गेले. पलंगावरून उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर जोर देऊन, पाय खाली सोडून बसायचं. शिंक येतेय असं वाटलं की उशी जांघेवर दाबून धरायची. चिऱ्याखालची दोन बोटं रुंद जागा आजही बधिर आहे. साबण लावताना तिथे हात दुसऱ्याच कुणाच्या अंगावरून फिरतोय असं वाटतं.

डाव्या बाजूला तीन छोटी छिद्रं पाडली, एक बेंबीजवळ आणि दोन त्याखाली. आत कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली आणि साधारण १० बाय १५ सेंटीमीटरची जाळी स्नायूंच्या मागून बसवली. दुसऱ्या दिवशी मी जिना चढलो, दुखण्याच्या गोळ्या तीनच दिवस लागल्या. हे खरंच सुखाचं होतं.

पण या वेळी पूर्ण भूल होती, आणि पहिल्या रात्री लघवी तुंबली. ओटीपोट दगडासारखं झालं. भुलीच्या औषधांनी मूत्राशय सुस्त पडतं आणि प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) आधीच वाढलेली असेल तर वाट आणखी अडते. दोन दिवस लघवी काढायची नळी (कॅथेटर) होती. रात्री किती वेळा उठता, धार कशी आहे, हे ऑपरेशनआधी मला कुणीच विचारलं नव्हतं. याचा राग अजून आहे. त्याच रात्री मी बायकोला तीनदा विचारलं म्हणे, "आपण कुठे आलोय?" मला त्यातलं काही आठवत नाही. ती मात्र फार घाबरली होती.

तिसऱ्या आठवड्यात त्याच जागी लिंबाएवढी गाठ आली. हर्निया परत आला असं वाटून हातपाय गळाले. ते साठलेलं पाणी निघालं. सर्जननी सुई न घालता थांबायला सांगितलं आणि दीड महिन्यात ते आपोआप जिरलं. आज डावी बाजू मला आठवतही नाही.

डावीकडचा हर्निया त्रास देत नव्हता, म्हणून मी दोन वर्षं थांबलो होतो. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या अभ्यासात (२००६) असं थांबणं सुरक्षित ठरलं. पण पुढे पाहणी चालू ठेवली, तेव्हा थांबलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के जण दहा वर्षांत ऑपरेशनला आले होते, ६५च्या वरचे तर ७९ टक्के, बहुतेक दुखण्यामुळे. मीही त्यातलाच. बायकांच्या मांडीच्या वरच्या हर्नियाला मात्र हे लागू नाही, तिथे थांबू नये. आणि गाठ कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, तर पुरुष असो की बाई, तडक हॉस्पिटल गाठावं.

म्हातारपणी मी जखमेच्या लांबीआधी भुलीचा विचार करीन. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तर जागा बधिर करून चिरा बरा. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा चिऱ्याचं ऑपरेशन होऊन परत आला असेल, तर दुर्बीण. प्रोस्टेट काढलेली असेल तर आतल्या चिकटलेल्या भागामुळे दुर्बीण अवघड जाते. आणि सर्जनना संकोच न करता विचारावं, तुम्ही दुर्बिणीने किती केलीत? अमेरिकेतल्याच २००४च्या एका मोठ्या चाचणीत दोन वर्षांत हर्निया परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीत १०.१ टक्के होतं, चिऱ्यात ४.९. पण २५०हून जास्त दुर्बिणीची ऑपरेशनं केलेल्या सर्जनांच्या हातात हा फरक जवळजवळ उरला नाही.

माझे थोरले बंधू ८१ वर्षांचे आहेत, दमेकरी. पुढच्या आठवड्यात त्यांचं ऑपरेशन आहे, चिरा देऊन, जागा बधिर करून. भूलतज्ज्ञांना दाखवायला त्यांच्या लघवीची तक्रार आणि रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव मी कागदावर लिहून ठेवलंय. खोकल्यासाठी उशीही घरूनच नेणार आहे.