कंटेंटचे विषय: कीवर्डचं साधन की फोनजवळची वही?

देवगड तालुक्यात मामांची हापूसची बाग आहे. मी पुण्यात बसून तिची वेबसाइट, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची यादी सांभाळतो. नोकरी वेगळीच आहे, त्यामुळे या कामाला आठवड्याचा एखादा तास मिळतो. त्या तासात लिहायचं काय, हा पेच तुम्हालाही पडत असेल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. कदाचितच, कारण मी एकाच मालाचं एकच दुकान पाहिलंय.

दोन वाटा मी पुरेशा चालून पाहिल्या. पहिल्या वाटेवर लोक गूगलवर कोणते शब्द (कीवर्ड) किती शोधतात याचा अंदाज देणारी साधनं: गूगल ट्रेंड्स, कीवर्ड प्लॅनर आणि एक पैसे भरून घेतलेलं साधन, ज्याचं नाव घेत नाही. दुसऱ्या वाटेवर फोनजवळ ठेवलेली दोनशे पानी वही, जिच्यात ग्राहक काय विचारतात ते लिहायचं. एआयला विषय विचारणं ही तिसरी वाट म्हणता येईल, पण मला तिथून ‘आंबा खाण्याचे 10 फायदे’ मिळाले. तेच बहुधा शेजारच्या बागवाल्यालाही मिळाले असावेत, कारण आमच्या दोघांच्या पोस्ट एकाच आठवड्यात पडल्या. मसुदा तपासून घ्यायला एआय बरं पडतं, विषयाला नाही.

ट्रेंड्सबद्दल तक्रार नाही. ते 2004 पासूनचा आलेख दाखवतं, आणि ‘हापूस’चा चढ दरवर्षी नेमका कुठून सुरू होतो ते पाहून पहिली पोस्ट कधी टाकायची हे मी आजही ठरवतो. फक्त आकडा 0 ते 100 मधला सापेक्ष असतो, खरी शोधसंख्या नसते, हे विसरायचं नाही. शिवाय आलेख नमुन्यावरून काढलेला असल्यामुळे शब्द फारसा शोधला जात नसेल तर तो आज एक दिसतो आणि परवा दुसराच. प्लॅनर जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला ‘100 ते 1 हजार’ असा पट्टा दाखवतो. या पट्ट्यात आमची सगळी गिऱ्हाइकं मावतील आणि वर जागा उरेल. तरी ‘हापूस’ म्हणावं की ‘अल्फान्सो’, यासारखा मोठा निर्णय घ्यायला दोन्ही पुरेशी आहेत.

माझं बिनसलं ते विकतच्या साधनाशी. डिसेंबरात मी हौसेने वर्गणी भरली आणि अख्ख्या मोसमाचं वेळापत्रक त्याच्या आकड्यांवर बसवलं. आमरस, मँगो मस्तानी, आंब्याचे फायदे, आंबा आणि मधुमेह. आठ लेख झाले. वाचक आले नाहीत असं नाही, पण आले ते आमरस करायला. पेटी मागवायला त्यांच्यातलं कोणी आलं असेल तर मला ते कळलं नाही. पाककृतींच्या मोठमोठ्या साइट्सच्या रांगेत आम्ही कुठेतरी शेवटी उभे होतो.

मग मे महिन्यात फोटो यायला लागले. कापलेला आंबा, बाहेरून केशरी, देखणा, आणि आत बाठ्याभोवतीचा गर पांढुरका. ‘दादा, तुम्ही खराब आंबा पाठवलात.’ हापूस पिकवणाऱ्याला याचं नाव पाठ असतं: साका. तो बाहेरून ओळखता येत नाही. फळ झाडावर जास्त तयार झालं आणि खाली तापलेल्या जमिनीची धग लागली की तो वाढतो. म्हणून मामा चौदा आण्यांवर, म्हणजे पूर्ण सोळा आणे तयार होण्याच्या थोडं आधी, आंबा काढतात आणि झाडाखाली गवत पसरून ठेवतात. इतकं सगळं मी फोनवर सातव्यांदा सांगितलं आणि ठरवलं, आता लेखच लिहू. लिहिण्याआधी शिस्तीत साधनात शब्द टाकला.

देवनागरीत ‘साका’: शून्य. रोमन लिपीत टाकला, तर भलामोठा आकडा आला आणि मी पाच सेकंद हुरळून गेलो. तो आर्सेनलचा फुटबॉलपटू बुकायो साका निघाला. ‘आडी’ टाकून पाहिलं तर ऑडी गाड्यांच्या किमती सुचवल्या. आडी म्हणजे आंबा पिकत घालण्याची पेंढ्याची रचना, पण हे त्या साधनाला कोण सांगणार? ‘चौदा आणे’ टाकायचं धाडस केलं नाही.

शून्यावर विश्वास ठेवून तो लेख सोडून दिला असता तर साधनाच्या दृष्टीने मी शहाणाच ठरलो असतो. पण फोन तर रोज वाजत होता.

मामींच्या वहीकडे माझं लक्ष गेलं ते तेव्हा. फोन त्याच उचलतात आणि हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही टिपून ठेवतात. एका पानावर तीनदा होतं: ‘साक्याबद्दल विचारलं.’ मी विचारलं, मामी, ते लोक साका म्हणाले का? तर नाही. एक जण म्हणाले ‘आतून पांढरा’, एक काकू म्हणाल्या ‘मधे रबरासारखा लागतो’ आणि तिसऱ्यांनी ‘बाठ्याजवळ कच्चाच राहिलाय’ असं कळवलं. साका हा आमचा शब्द होता. साधनाला तो माहीत नव्हता आणि गिऱ्हाइकालाही नाही. मग वहीचा एकच नियम झाला: प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत लिहायचा, सुधारायचा नाही.

तेव्हापासून पानं वाचायला मजा येते. कोणीही ‘कॅल्शियम कार्बाइड’ म्हणत नाही, सगळे ‘पावडर लावलीये का’ असं विचारतात. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे आणि इथिलीन वायू ठरलेल्या प्रमाणात चालतो, हे दोन लेखांत मावेल इतकं आहे, पण शीर्षकात ‘पावडर’ हवी. कोणी ‘अपक्व’ म्हणत नाही, ‘हिरवाच पाठवलात’ म्हणतात. ‘भौगोलिक मानांकन’ तर कोणाच्याच तोंडी नसतं. प्रश्न येतो, ‘हा खरा देवगडचाच ना, कर्नाटकचा नाही ना?’ 2018 मध्ये मिळालेलं हापूसचं मानांकन कोकणपट्ट्यातल्या पाच जिल्ह्यांसाठी आहे, हे सांगायला यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचली नसती.

‘आंबा आतून पांढरा का निघतो?’ हा लेख मी त्याच आठवड्यात लिहिला. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून आलेल्या रत्ना जातीत साका नसतो, हेही त्यात टाकलं, मामांच्या नाराजीसह. पुढच्या मोसमात सर्च कन्सोल (आपली साइट कोणत्या शोधांत दिसली ते सांगणारं गूगलचं साधन) उघडलं तर ‘आंबा आतून पांढरा’ अशासारखे शोध खरोखर यादीत होते, मराठीत आणि रोमन लिपीतही. म्हणजे शून्य हे शून्य नव्हतं, साधनाला तितकं बारीक दिसत नव्हतं. किती विक्री वाढली ते मी मोजलेलं नाही. फोटो आला की लिंक पाठवतो आणि भांडण बहुतेक वेळा तिथेच मिटतं, एवढं सांगू शकतो.

वहीचे दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. गिऱ्हाईकच नसेल तर वही कोरी राहते. ज्यांचा धंदा अजून सुरू व्हायचाय त्यांनी साधनं वापरावीत, मी अडवणार नाही. आमच्याकडे जुलै ते जानेवारी वहीत दोन-चार ओळी पडल्या तर पडल्या. शिवाय विचारणारे बहुतेक तक्रारवाले असतात. खूश गिऱ्हाईक बाठा चोखून गप्प बसतं, त्यामुळे नुसत्या वहीवर विसंबलं तर साइट तक्रार-निवारण केंद्र वाटायला लागते. ज्येष्ठ मंडळी व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवतात, ते ऐकून लिहून काढायचा कंटाळा येतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘प्रश्न’ नावाचं एक लेबल करून ठेवलंय, ते लावायलाही मी निम्म्या वेळा विसरतो.

तुमचा माल मोबाइलच्या कव्हरसारखा कुठेही सारखाच असेल आणि गिऱ्हाईक विचारत काहीच नसेल, तर विकतचं साधन कदाचित तुम्हाला जास्त देईल. मालाची स्वतःची बोली असेल, म्हणजे पैठणी, काजू, घोंगडी, गुळाची ढेप, तर आधी एक मोसम वही भरा आणि मग वर्गणीचं बघा. मी या वर्षी वर्गणी भरलेली नाही.

वहीत सध्या शेवटचा प्रश्न एका आजींचा आहे: ‘बाठे जपून ठेवलेत, परत पाठवले तर रोपं करून द्याल का?’ पहिल्यांदा हसू आलं. हापूसच्या बाठ्यातून उगवलेलं झाड हापूससारखंच निपजेल याची खात्री नसते, कलमच करावं लागतं. पण कोय कलमाला खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते रोप, बाठ्यापासूनच तयार होतो, तेव्हा आजींचा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. पाऊस सुरू झाला की मामा कलमं बांधायला बसतील, तेव्हाचे फोटो काढून आणायचे आहेत.