गोळ्या की अ‍ॅब्लेशन? एका डब्ल्यूपीडब्ल्यूवाल्याचा हिशेब

ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी विजेची एक जास्तीची तार) निघालंय आणि डॉक्टरांनी गोळ्या किंवा अ‍ॅब्लेशन (ती तार भाजून बंद करणं) अशा दोन्ही वाटा सांगून "बघा, तुम्ही ठरवा" म्हटलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी चार वर्षं गोळ्यांवर काढली, मग अ‍ॅब्लेशन करून घेतलं. तेव्हा माझा कल लपणार नाहीच.

वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट (यांच्याच आद्याक्षरांवरून डब्ल्यूपीडब्ल्यू) या तिघांनी १९३० मध्ये ११ रुग्णांवर लेख लिहिला, त्याच्या नावातच ‘निरोगी तरुण’ असे शब्द होते. निरोगीच दिसतो आपण. नेहमीची धडधड बहुतेक वेळा जिवावर बेतत नाही. पण वरचे कप्पे थरथरायला लागले, तर एव्ही नोड, म्हणजे वरून खाली येणाऱ्या विजेचा नेहमीचा नाका, चाळणीसारखा ठोके अडवतो आणि ही जास्तीची तार मात्र ते गाळण न लावता खाली सोडू शकते. मग खालचे कप्पेही थरथरतात. साध्या शवविच्छेदनात ती तार बहुधा सापडत नाही. "चांगला धडधाकट होता हो" एवढंच मागे उरतं. असं क्वचित होतं, हेही खरं.

गोळ्यांबद्दल तक्रार नाही. फ्लेकेनाइड ही ठोके ताळ्यावर ठेवणारी गोळी सकाळ-संध्याकाळ, धडधडीचे झटके बरेच कमी झाले. चिरफाड नाही, रजा नाही. मला छळलं ते पाकिटातल्या चिठ्ठीने.

चिठ्ठीवर लिहिलेलं: डब्ल्यूपीडब्ल्यू आहे, ठोके अनियमित असतील तर व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही नोडला मंदावणारी औषधं देऊ नयेत. एका रात्री नाडी १९०, कॅज्युअल्टीत पोचलो. ठोके नियमित होते, पण चिठ्ठी वाचून तिथला तरुण डॉक्टर इतका बिचकला की मोठे डॉक्टर येईपर्यंत हात लावायला तयार नाही. शेवटी मीच रिकाम्या सिरिंजमध्ये जोर लावून फुंकलं, बायकोने पाय वर धरले, आणि गाडी रुळावर आली. सुटलो म्हणावं तर पुढचा ईसीजी काढला आणि मशीनने छापलं: जुना हार्ट अटॅक असावा. माझी तार हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्याच्या मागच्या भागापाशी, तिच्यामुळे ईसीजीच्या खालच्या लीड्समध्ये (हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या रेघांत) खड्डे दिसतात आणि मशीन फसतं. मी समजावत राहिलो, ते ट्रोपोनिन (हार्ट अटॅक ओळखायची रक्ततपासणी) पाठवत राहिले. रात्र आयसीयूत गेली. बिलाचं बोलत नाही.

तेव्हा ठरलं. गोळी झटका दाबते. तार तिथेच राहते, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला ती समजावायचं काम आपल्याच गळ्यात.

अ‍ॅब्लेशनला जांघेतल्या शिरेतून कॅथेटर घालतात. मी जागा होतो. आधी तार किती वेगाने ठोके सोडते ते मोजलं. दोन ठोक्यांतलं अंतर २५० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी भरलं तर धोक्याची मानतात. माझी काठावर होती. मग छातीत थोडी ऊब, आणि मॉनिटरवर ईसीजीच्या शिखराच्या पायथ्याचा, या तारेमुळे येणारा तिरका चढ माझ्या डोळ्यांदेखत सरळ झाला. टेक्निशियन नुसता "गेली" म्हणाला. खरा जाच नंतरचा: पाय न वाकवता तासन् तास उताणं पडून राहणं. पाठीचं पार लाकूड झालं.

उणी बाजू आहेच. खर्च एकदम अंगावर येतो आणि थोड्या लोकांत तार पुन्हा जागी होते. शिवाय तार नोडला चिकटून असेल तर नोडच भाजून पेसमेकर लागण्याची शक्यता असते. म्हणून "यश किती टक्के" याआधी "माझी तार नोडपासून किती लांब" हे विचारा. फारच जवळ असेल तर गोठवून करायच्या पद्धतीबद्दल विचारा. गोळ्यांवर राहिलात तरी मी नावं ठेवणार नाही. लांब असेल तर मात्र मी तरी फार घोळत बसलो नसतो.