अडुळशाचे सिरप : आठ महिन्यांचा अनुभव आणि झाकणातले माप

गेल्या जुलैअखेरीपासून परळच्या आमच्या घरात अडुळशाचे सिरप वापरात आहे. आता मार्च संपत असताना झाकणातल्या मापाबद्दलच्या माझ्या तक्रारीला कंपनीकडून जे उत्तर आले, त्यामुळे हा अनुभव लिहायला घेतला. अडुळसा, ज्येष्ठमध, पिंपळी, तुळस आणि बाकी सगळा गोड पाक, अशी ही २०० मिलीची तपकिरी बाटली प्रत्येक घराने कधी ना कधी आणलेली असते, त्यामुळे तिचे वर्णन करत नाही.

वडिलांचे वय ७४. पावसाळ्यात त्यांना खोकला जडला आणि रात्री ढास लागली की ते उठून भिंतीला टेकून बसत. माझी आजी गावी अडुळशाची पाने वाफवून, पिळून, त्या रसात मध घालून चाटण देत असे. त्या आठवणीवर विश्वास ठेवून मी सिरप आणले आणि चौथ्या दिवशी कफ सुटू लागला. तेव्हा मी शेजारच्या दोन घरांनाही ते घ्यायला सांगितले.

खरी अडचण झाकणावर बसवलेल्या मापाची आहे. पारदर्शक प्लास्टिकवर ५ आणि १० हे आकडे प्लास्टिकचेच उठवलेले आहेत, त्यांना रंग नाही. रात्री दोन वाजता, छोट्या दिव्याच्या उजेडात, खोकणारे माणूस समोर बसलेले असताना ती रेघ दिसत नाही. शिवाय पाक झाकणाच्या आट्यांत सुकून साखरेचे कण धरतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून झाकण गरम पाण्यात धरल्याशिवाय उघडत नाही. सहा-सात दिवस पुरायला हवी ती बाटली सहाव्या दिवशीच रिकामी होते, हे लक्षात आल्यावर मी बिनसुईच्या सिरिंजने माप तपासले. झाकणातल्या १० च्या रेघेपर्यंत १२ मिली औषध मावते. दिवसातून तीन वेळा, म्हणजे रोज ६ मिली औषध जास्त जात होते. पैशांचे नुकसान तर आहेच, पण वृद्ध माणसाच्या पोटात मात्रेपेक्षा जास्त औषध जाणे ही त्याहून गंभीर गोष्ट आहे.

डिसेंबरात माझे मत बदलले. थंडी आणि इमारतीच्या मागे चाललेल्या बांधकामाची धूळ, यांनी खोकला उलटला आणि या वेळी छातीत घरघरही होती. सिरप पंधरा दिवस देऊनही फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. दोन आठवड्यांहून जास्त दिवसांचा खोकला म्हणून त्यांनी आधी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून क्षयरोग नाही याची खात्री केली, मग ब्राँकायटिसचे, म्हणजे श्वासनलिकांना सूज आल्याचे, निदान करून इनहेलर दिला. घरघर त्याने थांबली, सिरपने नव्हे. सर्दीपाठोपाठ येणारा साधा ब्राँकायटिस बहुधा विषाणूंमुळे होतो आणि त्याचा खोकला बहुतेक वेळा तीनेक आठवड्यांत आपोआप ओसरतो, असेही त्यांनी समजावले. म्हणजे जुलैत मी सिरपला दिलेल्या श्रेयातले काही नुसत्या दिवसांचे होते. अडुळशाला मात्र त्यांनी नावे ठेवली नाहीत. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले आणि कफ पातळ करण्यासाठी त्यांनी लिहून दिलेले अँब्रॉक्सॉल त्याच घराण्यातले आहे.

बाटली पाहून डॉक्टरांनी पहिला प्रश्न साखरेचा विचारला, कारण वडिलांना मधुमेह आहे. लेबलवर वनस्पतींचे वजन मिलिग्रॅममध्ये आहे, पण पाकासमोर फक्त ‘आवश्यकतेनुसार’ एवढेच लिहिलेले. साखर किती, हे मधुमेह्याच्या घरी कळायलाच हवे. ते कळेना म्हणून मी दादरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून सामान आणून सितोपलादी चूर्ण हे खोकल्यावरचे आयुर्वेदिक चूर्ण घरी केले: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन (बांबूच्या पेरात जमणारे पांढरे द्रव्य) ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १. म्हणजे इथेही निम्म्याहून थोडी जास्त साखरच, पण ३ ग्रॅमच्या मात्रेत ती दीड ग्रॅमच्या आसपास असते हे मला मोजून सांगता येते. वडिलांना ते मधाऐवजी तुपातून देतो. वंशलोचन महाग पडते, तरी एकदा केलेले चूर्ण दोन महिने पुरले.

सिरप आता फक्त माझ्यासाठी आणतो. सर्दीनंतर घसा खवखवतो आणि कफ चिकट होतो, तेव्हा ते खरोखर आराम देते आणि त्या कामासाठी मी ते पुन्हा घेईन. धाप, घरघर, ताप किंवा थुंकीत रक्त असेल तर सिरपवर एक दिवसही घालवू नये.

मापाच्या तक्रारीवर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि बदली बाटली पाठवली. तिचे झाकण तेच, बिनरंगाच्या रेघेचे. त्यातही १० च्या रेघेपर्यंत १२ मिलीच मावले. मोजमापाचे फोटो जोडून मी कालच दुसरे पत्र पाठवले आहे.