तळमजल्याचा फ्लॅट दाखवला, नकाशात तिथे पार्किंग निघालं

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे जे पहिलं घर बघताहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचे चार लाख रुपये एका बिल्डरने काढून घेतले. ज्या पद्धतीने काढले, तिला आणखी कुणी बळी पडू नये.

त्याच्या माणसाने फ्लॅट दाखवण्याआधी आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "ताई, घरात तुम्हाला काय काय पाहिजे?" आम्ही सांगितलं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून तळमजलाच. मनपाच्या नळाचं पाणी. वरचा मजला नकोच, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि स्लॅबखाली रात्रीही झोप लागत नाही. आणि हॉल असा, की श्रावणात कानबाई देवी बसली तर सगळे भाऊबंद मावले पाहिजेत. तो एकेक डायरीत लिहून घेत होता. फ्लॅटमध्ये शिरल्यावर त्याच यादीतल्या एकेकावर बोट ठेवून दाखवलं, "हे घ्या, तुम्हाला पाहिजे होतं तेच." गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय ते त्याच्याच तोंडून काढून घ्यायचं, त्यासाठी ती डायरी होती.

बुकिंग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर. "आज केलं तर दोन लाख कमी, उद्यापासून नवा भाव." २८ लाखांच्या फ्लॅटवर चार लाख घेतले आणि लेटरहेडवर हाताने लिहिलेली पावती दिली. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, साठेखत (विक्रीचा लेखी करार) नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. आमच्या बाबतीत ती मर्यादा २ लाख ८० हजार होती. साठेखताचं विचारलं की कधी सर्व्हर डाउन, कधी शेठ नाशिकला.

भांडं फुटलं ते बँकेत. कर्जासाठी बँकेच्या वकिलाने मंजूर नकाशा मागितला. बिल्डर टोलवाटोलवी करू लागला, तेव्हा मनपाच्या नगररचना विभागात अर्ज करून आम्हीच प्रत काढली. सासूबाईंची खोली म्हणून जी दाखवली होती, तिथे नकाशावर मोटारींच्या चौकटी आखलेल्या होत्या, प्रत्येकीत नंबर. आमचा हॉल म्हणजे गाड्या वळवायची जागा. तळमजल्यावर एकही फ्लॅट मंजूर नव्हता. खांबांच्या मधे विटा लावून, पीओपी आणि टाइल्स करून पार्किंगच विकायला काढलं होतं. असल्या बांधकामाला बँक कर्ज देत नाही, आणि मनपाने उद्या ते पाडायचं ठरवलं तर राहणाऱ्याने जायचं कुठे?

माहितीपत्रकावर महारेराचा (रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मात्र ठळक छापलेला. त्यांच्या संकेतस्थळावर टाकला तर निघाली त्याच बिल्डरची दुसरी इमारत, गट नंबरही वेगळा. म्हणून क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नका. तो उघडा, गट नंबर सातबाऱ्याशी ताडा, कोणत्या मजल्यावर किती सदनिका मंजूर आहेत ते बघा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना असतो, जमिनीवर बँकेचा बोजा असेल तर तिथे दिसतो.

पाण्याचंही तसंच. "वाघूर धरणाचं पाणी येतं," असं सांगितलं होतं. पुढे शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंना विचारलं, तर त्यांनी जिन्याखालचे निळे ड्रम दाखवले. मनपाची पाइपलाइन त्या भागात पोचलेलीच नाही. बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही, आणि उन्हाळ्यात टँकर. बिल्डरचा माणूस सोबत नसताना तासभर त्या गल्लीत जा आणि बायकांशी बोला. पाण्याबद्दल त्या खोटं सांगत नाहीत.

साठेखताचा मसुदा हाती आला, तोही नकाशाचं बोलल्यावर. त्यात ना तळमजला, ना नळ. क्षेत्रफळ 'विक्रीयोग्य ९०० चौ. फूट' असं लिहिलेलं, कार्पेटचा, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेचा आकडाच नाही. कायद्याने करारात कार्पेट क्षेत्र द्यावं लागतं. जे आपल्याला हवंय आणि ज्याला तो तोंडी हो म्हणतोय, ते मसुद्यात शब्दशः नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

पैसे परत मागितले तेव्हा अर्धे दिले, उरलेल्यांचा चेक दिला, तो वटला नाही. आता महारेराकडे तक्रार केली आहे, तिचं शुल्क ५,००० रुपये आहे. खोटी माहिती देऊन घेतलेली रक्कम व्याजासह परत मागण्याचा हक्क कलम १२ देतं. त्याच तळमजल्यावर आणखी कुणी पैसे भरले असतील आणि त्यांनाही असाच चेक मिळाला असेल, तर बिल्डरच्या "पुढच्या सोमवारी टाका" वर थांबू नका. बँकेचा चेक परतीचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर चेक न वटल्याबद्दलचा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा दावा हातचा जातो.