सुरक्षा पोस्टर: लॅमिनेटेड कागद की पीव्हीसी फोमशीट?

सक्तीचं पोस्टर नुसतं लावून भागत नाही, ते वाचता यायला हवं. तिथेच फरक पडतो.

खर्चात कागद सरळ स्वस्त.

टिकण्याचं मात्र बारकाईने बघा. लॅमिनेशन कागदाच्या कडेला लागून कापलं की ओल आत शिरते, कडा फुगतात, शाई पसरते. चारही बाजूंनी निदान ५ मिमी प्लास्टिक सोडा, आणि खिळा कागदातून कधीच ठोकू नका. ३ मिमी फोमशीट म्हणजे हलका, ताठ प्लास्टिकचा पत्रा; तिला ओलीचं भय नाही, रोजचं पुसणं ती सहज सोसते. भिंतीवर ओल असेल तर दुहेरी टेप सुटते; चार स्क्रू मारा, पण फार आवळू नका, शीट दबून चिरते. उन्हात दोन्हींचे रंग उडतात.

पोस्टरवरचे जबाबदार व्यक्तीचे नाव-नंबर बदलत राहतात. लॅमिनेशनखाली लिहिलेलं खोडता येत नाही, म्हणून दोन्हींवर ती जागा स्टिकरने भरा. जुना नंबर राहिला तर अपघाताच्या वेळी फोन भलत्यालाच जातो.

ऑफिस, कोरडी खोली, तात्पुरती साइट: कागद. वर्कशॉप, स्वयंपाकघर, धुण्याची जागा: फोमशीट.