प्लिकर्सची कार्डं : बरेच महिने वर्गात वापरल्यानंतर

प्लिकर्स काय आहे ते आधी सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कागदी कार्ड असतं. त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी असते, प्रत्येक कार्डाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. पडद्यावर प्रश्न आला की मूल आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरतं आणि शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात. कोणाचं उत्तर काय, ते अ‍ॅप वाचून घेतं. मुलांकडे फोन किंवा टॅब लागत नाही. शिक्षकाचा एक फोन पुरतो. प्रोजेक्टर नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहा, काही अडत नाही. कार्डं संकेतस्थळावरून फुकट उतरवून छापता येतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, मोठ्या वर्गासाठी ६३ चाही मिळतो.

मी सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात काहीही नवीन आलं की सुरुवातीला मुलं त्या नवेपणावरच खूश असतात, त्यामुळे पहिल्या महिन्याचे अनुभव मी स्वतःही फारसे मनावर घेत नाही. ती नवलाई ओसरल्यावर काय उरलं, ते लिहितेय.

कार्डांबद्दलच्या बारीकसारीक गोष्टी आधी उरकते. जाड कागदावर छापा. लॅमिनेशन करायचंच तर मॅट करा. चकचकीत कार्डावर खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. बोटं नक्षीवर येऊ देऊ नका, खालचे दोन कोपरे धरायला शिकवा. कार्डाचा क्रमांक आणि हजेरीचा क्रमांक एकच ठेवा. कार्डं घरी देऊ नका.

आता मुद्द्याचं. प्लिकर्सचा सगळ्यात सोपा वापर म्हणजे धडा संपला की पाच प्रश्न टाकायचे, हिरवे-लाल आकडे बघायचे आणि अहवाल जपून ठेवायचा. बहुतेक ठिकाणी हेच चालतं. माझ्या मते हा त्याचा सगळ्यात वाया गेलेला वापर आहे. चाचणी आपण कागदावरही घेतोच की! इथे मिळते ती वेगळीच गोष्ट: धडा शिकवता शिकवता, अख्ख्या वर्गाच्या मनात या क्षणी काय आहे ते अर्ध्या मिनिटात समोर येतं, आणि तेही शेजारच्याचं न बघता. नक्षी वेगवेगळी असल्यामुळे बाजूच्याने कुठलं अक्षर वर धरलंय ते नुसत्या नजरेने कळत नाही. हात वर करायला सांगितलं की निम्मी मुलं वर्गातल्या हुशार मुलाकडे बघून हात वर करतात, हे कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक पद्धत सुरू केली. प्रश्न टाका, प्रत्येकाने एकट्याने मत द्यावं, मग बरोबर उत्तर न सांगता शेजाऱ्याशी वाद घालू द्या, आणि पुन्हा मत घ्या. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तेव्हाच चर्चा करायची. त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवा, जास्त असतील तर पुढे चला. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कोलोरॅडो विद्यापीठातला एक अभ्यास आला होता. त्यात असं दिसलं की सुरुवातीला गटात कोणालाच बरोबर उत्तर येत नसलं तरी चर्चेनंतर मुलं सुधारतात. म्हणजे हुशार मुलाने बाकीच्यांना सांगितलं, एवढंच ते नसतं. मी प्लिकर्स वापरते ते चर्चेआधीच्या आणि चर्चेनंतरच्या या दोन मतांसाठी. पहिल्या फेरीनंतर कुठल्या पर्यायाला किती मतं ते दाखवणारा अ‍ॅपमधला आलेख झाकून ठेवायचा, हे मात्र पाळावं लागतं. सगळ्यात उंच पट्टी दिसली की दुसऱ्या फेरीत सगळे तिकडे जातात आणि वाद तिथेच संपतो.

एक प्रश्न जवळून दाखवते. ‘मोठ्या झाडाच्या सुक्या लाकडाचं वजन मुख्यतः कुठून आलं?’ पर्याय : माती, पाणी, हवा, सूर्यप्रकाश. प्रकाशसंश्लेषण शिकवून झालेलं होतं, समीकरण वह्यांत लिहिलेलं होतं. तरी बहुतेक वर्गाने माती निवडली. मग मी फान हेल्मोंटचा प्रयोग सांगितला. १७ व्या शतकातल्या या माणसाने २०० पौंड सुकवलेल्या मातीत विलोचं ५ पौंडांचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांच्या वर गेलं आणि माती घटली जेमतेम २ औंस. दुसऱ्या फेरीत अख्खा वर्ग मातीवरून उठून पाण्यावर गेला! खुद्द हेल्मोंटनेही हाच निष्कर्ष काढला होता. गंमत अशी की जळत्या लाकडातून निघणाऱ्या वायूचा, म्हणजे आपल्या कार्बन डायऑक्साइडचा, अभ्यास करणारा हाच माणूस. पण झाड त्यातून बनतं अशी शंका त्याला आली नाही. मग मी एवढंच विचारलं, ‘लाकूड अर्धवट जळलं की काय उरतं? कोळसा. पाण्यात कार्बन असतो का?’ आणि पुन्हा बोलायला सोडलं. तिसऱ्या फेरीत हवेची पट्टी वर सरकली, पण सगळी नाही. काही मुलं सूर्यप्रकाशावर ठाम राहिली, कारण ‘त्याच्याशिवाय होतच नाही ना’. लागणारी गोष्ट आणि वजन देणारी गोष्ट वेगळी, हा पुढचा तास मला त्या चार-पाच कार्डांनी दिला.

इथेच लक्षात येतं की सगळा खेळ चुकीच्या पर्यायांचा आहे. ०.४ आणि ०.३५ यांत मोठा अपूर्णांक कोणता? ज्याला ३५ हे ४ पेक्षा मोठे दिसतात तो चुकतो आणि सापडतो. पण वर्गात दुसरी एक जात असते. ‘दशांश शतांशापेक्षा मोठे, म्हणून एकच अंक असलेला अपूर्णांक मोठा’ असं समजणारी. त्या मुलाचं उत्तर या प्रश्नात बरोबर येतं! हिरवी पट्टी बघून आपण पुढे जातो आणि त्याची समजूत तशीच राहते. ०.३ आणि ०.४५ विचारा, म्हणजे तो सापडेल. पण मग पहिला सुटेल. दोन्ही प्रश्न लागोपाठ विचारायला हवेत. एवढा विचार अ‍ॅप आपल्यासाठी करत नाही. ते फक्त मोजतं.

म्हणून काही महिन्यांनी मी चुकीचे पर्याय लिहायचं काम मुलांवरच टाकलं, आणि या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच आहे. तीन-तीन जणांचा गट, एक प्रश्न, चार पर्याय. अट एकच : प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो कोणाला आणि का बरोबर वाटेल ते वहीत लिहायचं. सुरुवातीला अर्थातच डी म्हणजे विनोद असायचा. मग नियम केला की ज्या पर्यायाला वर्गातून एकही मत मिळणार नाही, तो गटाने बदलून आणायचा. त्यानंतर मुलं फसवण्यात इतकी तरबेज झाली की विचारू नका.

चित्रांचे प्रश्न तर त्याहून मजेदार झाले. दोरीला बांधलेला चेंडू डोक्यावर गरागरा फिरवतोय आणि दोरी तुटली, तर वरून बघताना चेंडू कसा जाईल? एका गटाने चार मार्ग हाताने काढले : वर्तुळातच फिरत राहणारा, बाहेरच्या दिशेला सरळ, स्पर्शिकेवरून सरळ आणि वळत वळत बाहेर जाणारा. कागदाचा फोटो काढला, तोच प्रश्नाचं चित्र. वर्ग चारही पर्यायांत विभागला गेला. ज्या मुलीने वळणारा मार्ग काढला होता तिने वहीत लिहिलं होतं, ‘चेंडूला गोल फिरायची सवय लागली असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.’ चाचणीत या मुलीला मध्यम गुण असतात. दुसऱ्याची चूक आतून ओळखणं हे कौशल्य आमच्या कुठल्याच प्रश्नपत्रिकेत मोजलं जात नाही.

आता मर्यादा. चारच पर्याय, त्यामुळे गणिताच्या पायऱ्या, मांडणी, सिद्धता यांसाठी हे उपयोगाचं नाही. तिथे वही आणि फळाच. फुकटच्या खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न बसतात, पण दोन मतांच्या पद्धतीत एका तासाला दोन-तीनच प्रश्न होतात, त्यामुळे फरक पडत नाही. अहवालात प्रत्येक मुलाचं नाव आणि उत्तर साठतं, हे सोयीचं आहे आणि धोक्याचंही. या मतांचे गुण धरायला लागलात की मुलं वाद घालणं सोडून बरोबर कोण आहे ते शोधायला लागतात. मी गुण धरत नाही आणि ते मुलांना आधीच सांगितलेलं आहे. पालकसभेत हे अहवाल दाखवायचा मोह होतो, पण पहिल्या फेरीतल्या अंदाजांवरून कोणाला बोल लागावेत असं मला वाटत नाही.

याशिवाय चालेल का? बरंचसं चालेल. डोळे मिटून छातीशी एक ते चार बोटं धरायला सांगा, अंदाज येतो. बारा-पंधरा मुलांच्या वर्गाला मी कार्डं छापायला सांगणारच नाही. तिथे प्रत्येकाशी बोलणं जास्त लवकर होतं. वर्ग मोठा असेल तर मात्र बोटं मोजता मोजता पहिल्या रांगेतली खाली येतात, आणि पहिल्या-दुसऱ्या फेरीत कोण कुठून कुठे सरकलं ते लक्षात राहत नाही. कार्डांची खरी गरज तिथे आहे.

पुढच्या वर्षीही वापरणार, आठवड्यातून दोनेक तासांना. रोज वापरलं की मुलं कार्ड उचलायलाही कंटाळतात. यंदाच्या मुलांनी लिहिलेले प्रश्न मी जपून ठेवलेत, ‘कोणाला आणि का’ या रकान्यासकट. नव्या वर्गाला प्रश्न आधी सोडवायला देईन, तो रकाना नंतर.